तोडीवरची मुले: धाराशिवचे हंगामी स्थलांतर आणि धोरणांचा आढावा

शाळेचा पट मोजण्यासाठी कित्येक वर्षे ३० सप्टेंबर ही तारीख धरली गेली. धाराशिव जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर त्या दिवशी वर्ग भरलेले असतात. मग दसरा होतो, ऊसतोडीसाठी मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाची गाडी गावात येते, दिवाळीच्या सुट्टीत घरांना कुलपे लागतात. सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा हजेरीत नावे असतात, मुले नसतात. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या वेळी हीच माणसे सांगली, कोल्हापूर, बेळगाव, बागलकोटच्या उसाच्या फडांत होती. शाळेने मुले मोजली ती ती निघण्याआधी, आणि जनगणनेने माणसे मोजली ती ती निघून गेल्यावर. म्हणूनच राज्यातल्या ऊसतोड मजुरांचे अंदाज पाच-सहा लाखांपासून बारा-पंधरा लाखांपर्यंत पसरलेले दिसतात. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी दोन लाखांच्या आसपासचा आकडा वारंवार दिला जातो. तोही अंदाजच आहे.

स्थलांतराच्या धोरणाचा मुलांच्या गरिबीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न युरोप-अमेरिकेत नागरिकत्व, व्हिसा आणि सरकारी मदतीचा हक्क यांच्या अंगाने विचारला जातो. आपल्याकडे परंड्याहून कोल्हापूरला जायला परवाना लागत नाही. देशात कुठेही फिरण्याचे आणि राहण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या १९ व्या कलमानेच दिले आहे. पण रेशन, अंगणवाडी, शाळा आणि मजुरीचे संरक्षण हे सगळे दीर्घकाळ गावाच्या पत्त्याला बांधलेले राहिले. आपले स्थलांतर धोरण एका कायद्यात सापडत नाही. ते शिक्षण, अन्नपुरवठा, महिला-बालविकास, कामगार आणि सहकार अशा पाच खात्यांत विखुरलेले आहे. या विखुरलेल्या धोरणाने आजवर काय साधले आणि कुठे अडले, हे इथे पाहायचे आहे.

पार्श्वभूमी

धाराशिव अवर्षणप्रवण जिल्हा आहे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना घराबाहेर काढले. त्याच दशकात पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखाने वाढत होते आणि त्यांना तोडीसाठी माणसे हवी होती. रोजगार हमी योजनेने काहींना गावाजवळ धरून ठेवले, पण ऊसतोडीने एक गोष्ट दिली जी रोजगार हमीने कधीच दिली नाही: हंगामाआधी हातात पडणारी ठोक रक्कम, म्हणजेच उचल. लग्न, आजारपण, घराचे पत्रे, मागच्या सावकाराचे देणे हे सगळे त्या रकमेतून भागते. रोजगार हमीची मजुरी काम झाल्यावर येते, तीही अनेकदा उशिरा. या फरकाकडे दुर्लक्ष करून 'गावात काम दिले की स्थलांतर थांबेल' असे म्हणता येत नाही.

तोडीला जाणाऱ्यांत वंजारी आणि बंजारा समाज मोठा आहे, दलित आणि पारधी कुटुंबे आहेत आणि दोन-चार एकर कोरडवाहू जमीन असलेले मराठा-धनगर शेतकरीही आहेत. गेल्या काही दशकांत खुद्द धाराशिवातही ऊस आणि कारखाने वाढले: ढोकीचा जुना तेरणा कारखाना कित्येक वर्षे बंद राहिला, पण कळंब तालुक्यात रांजणीला, परंडा तालुक्यात सोनारीला, उमरगा तालुक्यात मुरूमला कारखाने उभे राहिले. जिल्हा आता मजूर पाठवणाराही आहे आणि घेणाराही. भूम-वाशीकडचे एक जोडपे सांगलीला जाते आणि त्याच आठवड्यात बीडकडचे दुसरे जोडपे कळंबच्या शिवारात खोपी उभारते. जवळ कारखाना असताना लांब का, असे विचारले तर मजूर सांगतात की तिकडे उसाला वजन चांगले लागते आणि पट्टाही उशिरा पडतो, म्हणजे हंगाम जास्त दिवस चालतो.

अभ्यासकांनी हे चित्र फार पूर्वी टिपले आहे. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दक्षिण गुजरातेतल्या बारडोलीच्या साखरपट्ट्याचा अभ्यास केला. तिथे राबणारे पुष्कळ मजूर आपल्या खानदेशातले होते. सहकारी तत्त्वावर उभ्या राहिलेल्या कारखान्याने ऊस उत्पादकाला सभासद केले आणि ऊस तोडणाऱ्याला बाहेर ठेवले, ही त्याची मांडणी आजही अभ्यासक पुढे चालवतात. मुलांकडे थेट पाहणारे काम नंतर आले. स्मिता यांचे 'लॉक्ड होम्स, एम्प्टी स्कूल्स' हे २००७ चे पुस्तक त्यांतले महत्त्वाचे.

उचलीचे गणित

धोरणाची चर्चा शाळेपासून सुरू होते. माझ्या मते ती उचलीपासून सुरू करायला हवी, कारण मूल फडात का जाते याचे उत्तर तिथे आहे.

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्याला मिळते, एकट्या माणसाला नाही. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना यांच्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला २७३ वरून साधारण ३६६ रुपयांवर गेला. एका जोडप्याने लाखाची उचल घेतली असे धरू. ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन हे चांगले काम. म्हणजे एकही खाडा न करता १३६-१३७ दिवस. २०२४-२५ चा हंगाम तर अनेक कारखान्यांत शंभर दिवसही धड चालला नाही. त्यात आठवड्याची खर्ची उचलीतच मिळवली जाते, आजारपणाच्या खाड्याला दंड लागतो. पट्टा पडतो तेव्हा बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षीचा करार तिथेच ठरून जातो.

हे सगळे टनावर मोजले जात असल्यामुळे घरातला प्रत्येक हात टनात मोजला जातो. खोपीतला दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. बाप ऊस तोडतो, आई पाचट काढून मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते. आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन बांधाच्या कडेला बसते, मध्येच उठून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करते. वाढ्यांच्या पेंढ्या विकून रोजचे तेल-मीठ निघते. गाडी रात्री भरायची असली की आई रात्रीही फडातच असते आणि खोपीत पोरांजवळ पोरच असते. मुलगी मजुरांच्या यादीत नाही, तिला कुणी कामावर ठेवलेले नाही. पण ती धाकट्याला सांभाळते म्हणून आईचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि ते मोकळे हात ३६६ च्या दरात गृहीत धरलेले आहेत.

उचल म्हणजे वेठबिगारी का, यावर मतभेद आहेत. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या आणि १९८२-८४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या आधारे काही कायदेतज्ज्ञ 'होय' म्हणतात: आगाऊ रकमेपायी माणसाला काम सोडता येत नसेल तर ती वेठ. कारखाने आणि मुकादम म्हणतात की व्यवहार खुशीचा आहे. उचल घेऊन पळून जाणाऱ्या मजुरांमुळे मुकादमच बुडतो, आणि अशी उदाहरणेही खरी आहेत. संघटनांची भूमिका या दोहोंच्या मधली: उचल बंद केली तर मजूर सावकाराकडे जाईल, दर वाढवा, हिशेब लेखी करा आणि कारखान्याला मालक म्हणून जबाबदार धरा. हा तिसरा मुद्दा सगळ्यांत अवघड आहे. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी होतो, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा कोयत्याशी. कागदावर मजुराचा मालक कोण, हे आजही ठरलेले नाही.

शाळेभोवतीचे वाद

मुलांच्या शिक्षणासाठी महाराष्ट्राने वेगवेगळ्या काळात तीन वाटा धरल्या. त्यांच्यामागचे विचार परस्परविरोधी आहेत, हे सहसा कुणी स्पष्ट सांगत नाही.

पहिली वाट साखर शाळेची: मूल जिथे आहे तिथे शाळा न्या. औरंगाबादची जनार्थ संस्था आणि काही कारखान्यांनी २००० च्या दशकात कारखान्यांच्या आवारात, टोळ्यांच्या तळांवर अशा शाळा चालवल्या. मूल आईबापाजवळ राहते, शिकवणाऱ्याला त्याचे जगणे ठाऊक असते, ही या वाटेची ताकद. कमकुवतपणाही तितकाच खरा: शेड तात्पुरते, शिक्षक मानधनावरचे, आणि टोळीने फड बदलला की शाळा मागे राहते. एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि अनौपचारिक शाळांना पाठबळ उरले नाही. प्रत्येक मुलाला खरी शाळा मिळाली पाहिजे, हा त्यामागचा विचार योग्य होता. पण साखर शाळा ज्या वेगाने बंद झाल्या त्या वेगाने पर्याय उभा राहिला नाही, असे या क्षेत्रात काम करणारे सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे.

दुसरी वाट याच कायद्याची: फडाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुलाला वयानुरूप वर्गात बसवा, दाखल्यासाठी अडवू नका. महाराष्ट्राने त्याला शिक्षण हमी कार्डाची जोड दिली. गावची शाळा कार्ड देणार, तिकडची शाळा त्यावर प्रवेश देणार, परतल्यावर पुन्हा नोंद होणार. शाळाबाह्य मुलांचा शोध घेणाऱ्या बालरक्षक शिक्षकांनी अनेक ठिकाणी मुले शोधून आणली आणि त्यांच्या कामाबद्दल आदर वाटतो. अडचण शाळा आणि फड यांच्यातल्या अंतराची आहे. फड दर आठ-पंधरा दिवसांनी बदलतो, आई पहाटेच गेलेली असते आणि धाकट्याला सांभाळणारी मुलगी शाळेत गेली तर धाकट्याचे काय, याचे उत्तर कार्डावर नसते. अमेरिकेने शेतमजुरांच्या मुलांसाठी १९६६ पासून स्वतंत्र केंद्रीय कार्यक्रम चालवला आणि मुलाची नोंद राज्याराज्यांत पाठवण्याची यंत्रणा उभारली. तिथेही नोंद मुलापेक्षा उशिरा पोचते, हीच जुनी तक्रार राहिली.

तिसरी वाट हंगामी वसतिगृहाची: मूल गावातच ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत सहा महिने जेवणाखाण्याची सोय करायची; मुले आजीआजोबांकडे झोपतात किंवा शाळेतच राहतात. धाराशिव, बीडसारख्या जिल्ह्यांत आज याच वाटेवर भर आहे. जिथे गावातला शिक्षक मनापासून यात उतरतो तिथे मुले टिकतात. पण मंजुरी आणि निधी टोळ्या निघून गेल्यावर आला तर वसतिगृह उघडते तेव्हा मुले गेलेली असतात. पटावर खोटी नावे असल्याचे आरोपही झाले आहेत. २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, मुलांचे आणि मुलींचे वेगळे, प्रत्येकी शंभर जागा. पहिला टप्पा बीड, अहमदनगर आणि जालना जिल्ह्यांतल्या तालुक्यांना मिळाला. जागांची सगळी बेरीज ८,२०० होते. वर दिलेल्या दोन लाख मुलांच्या अंदाजाशेजारी ती ठेवली की योजनेचा आवाका लक्षात येतो.

वसतिगृहाच्या वाटेवर एक मूलभूत आक्षेपही आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. मूल मागे ठेवणे म्हणजे वर्षातले सहा महिने त्याला आईबापापासून तोडणे. चीनमध्ये हुकू या घरनोंदणी पद्धतीमुळे शहरात कामाला गेलेल्यांना मुले तिकडच्या शाळेत घालणे अवघड होते. २०१३ च्या तिथल्या अहवालात गावी मागे राहिलेल्या मुलांची संख्या सहा कोटींवर सांगितली होती. त्या मुलांवरच्या अभ्यासांत दोन्ही निष्कर्ष सापडतात: आईबापाच्या कमाईने काहींचे खाणेपिणे आणि शाळा सुधारली, तर अनेकांत एकटेपणा आणि आजीआजोबांवरचा भार वाढला. आपल्याकडे कमाई उचलीत वळती होत असल्यामुळे त्या सौद्याची चांगली बाजूही हाती लागत नाही.

सहा वर्षांखालची मुले या तिन्ही वाटांच्या बाहेर आहेत. तान्ही आणि रांगती मुले फडातच जातात, कारण त्यांना मागे ठेवताच येत नाही. चहाच्या मळ्यांत ठरावीक संख्येने बायका कामाला असल्या तर पाळणाघर ठेवण्याचे बंधन १९५१ च्या मळे कामगार कायद्याने घातले होते. कारखाने कायद्यातही तशी तरतूद होती. पण ऊस मळे कायद्यात बसत नव्हता आणि फड हा कारखाना नाही. महिला-बालविकास खात्याने २०२२ पासून राज्यभर मायग्रेशन ट्रॅकिंग प्रणाली आणली. गरोदर बायका आणि लहान मुले कुठे गेली ते तिच्यातून कळावे आणि तिकडच्या अंगणवाडीने पोषण आहार सुरू ठेवावा, हा हेतू. नोंद आणि आहार यांच्यामध्ये अंगणवाडी सेविका उभी असते. तिच्या गावच्या हद्दीतल्या पण तीन किलोमीटरवरच्या फडातल्या खोपीपर्यंत जाण्याची सोय तिला कोण देतो, त्यावर सगळे अवलंबून आहे.

धान्य आणि राज्याची सीमा

रेशनच्या बाबतीत चित्र सुधारले आहे. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत महाराष्ट्र २०१९ मध्ये पहिल्या काही राज्यांत होता आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ती लागू करण्याची मुदत घालून दिली. कागदावर आता परंड्याचे कार्ड बागलकोटला चालते आणि कुटुंबाचे धान्य दोन ठिकाणी विभागून घेता येते. गावी आजीजवळ दोन नातवंडे आणि फडात आईबाप-तान्हे, अशा घराला ही विभागणीच सगळ्यांत उपयोगी. ती मागायची कशी, हे मजुरांपर्यंत पोचवण्याचे काम मात्र कुणा एकाचे नाही. शिवाय दुकान गावात असते, दिवसा उघडते आणि मजूर दिवसा फडात असतो.

कामगार कायद्याची गोष्ट आणखी विचित्र आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा विस्थापन भत्ता, प्रवास भत्ता आणि पासबुक देत होता, पण राज्याची सीमा ओलांडणाऱ्यालाच. उमरग्याहून कर्नाटकातल्या शेजारच्या आळंद तालुक्यात गेलेला मजूर त्यात बसत होता. परंड्याहून शेकडो किलोमीटरवर कोल्हापूरला गेलेला बसत नव्हता. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने स्वतःहून गेलेल्यांनाही व्याख्येत घेतले, ही पुढे पडलेली पायरी आहे. पण राज्यांतर्गत स्थलांतर तिथेही बाहेरच राहिले आणि कामगारसंख्येची किमान अट पाचवरून दहावर गेली. सीमेपलीकडे गेलेल्या मुलांना वेगळीच अडचण येते: जवळची शाळा कन्नड माध्यमाची. बेळगाव-निपाणीकडे मराठी शाळा सापडतात, बागलकोट-विजयपूरच्या शिवारात सहसा नाही. तिथे शिक्षण हमी कार्डाचाही उपयोग नाही, कारण ते महाराष्ट्राचे.

सरकारने ठरवले तर मोजता येते, हे एकदा दिसले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत मजूर कारखान्यांवर अडकले आणि १७ एप्रिलला राज्याने त्यांना घरी जाऊ देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ३८ कारखान्यांच्या तळांवरच्या सुमारे १.३१ लाख मजुरांचा आकडा शासनासमोर होता. पुढे ग्रामसेवकांमार्फत नोंदणी आणि ओळखपत्रे देण्याचे आदेश निघाले. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनाला दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच शासनाने द्यायचे ठरले. आठ ते दहा कोटी टन गाळप धरले तर एका बाजूचेच ऐंशी ते शंभर कोटी होतात. पैसा नाही असे म्हणण्याची वेळ त्यामुळे टळते. तो मुलांवर किती खर्च व्हावा याची वाटणी मात्र ठरलेली नाही.

मुलींचे काय होते

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. हा आकडा देशभर गाजला. त्यामागचा लहानपणीच्या लग्नाचा धागा तितका चर्चिला गेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या २०-२४ वयाच्या २१.९ टक्के बायकांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली; परभणीत ४८ आणि बीडमध्ये ४३.७ टक्के. धाराशिवही राज्याच्या सरासरीच्या बरेच वर आहे. तेरा-चौदा वर्षांची मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची आणि फडात खोपीत कशी ठेवायची, हा आईबापांचा प्रश्न खरा आहे. त्यातच जोडीलाच उचल मिळते, म्हणून लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. मुलीला संपूर्ण हंगामभर राहता येईल असे वसतिगृह हाच बालविवाहाविरुद्धचा सगळ्यांत परिणामकारक उपाय, असे कार्यकर्ते म्हणतात. दुसरी बाजू म्हणते की उचल माणसागणिक करा, जोडीची अट काढा. मग लग्नाची घाईच उरणार नाही. दुसऱ्या सूचनेचा गंभीर प्रयोग मला तरी कुठे झालेला दिसत नाही.

अनिर्णित प्रश्न

रेशन खाते माणूस मोजते, शिक्षण खाते विद्यार्थी, कामगार खाते सीमा ओलांडणारा मजूर आणि कारखाना कोयता. अर्धे गावी, अर्धे फडात असलेले अख्खे घर कुणाच्याच नोंदीत नाही. त्यामुळे यांतल्या कोणत्या उपायाने मुलाची गरिबी खरोखर कमी झाली, हे सांगणारी धाराशिवची माहिती उभीच राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली, त्यातून निदान खात्यांना एकत्र बसावे लागेल अशी आशा आहे.

दुसरा प्रश्न यंत्राचा. राज्याने ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंत अनुदान जाहीर केले. यंत्र आले की मूल फडातून सुटेल, असे म्हणणारे आहेत. उचलीवर जगणाऱ्या घराचे उत्पन्नच जाईल आणि मूल वीटभट्टीवर किंवा पुण्याच्या बांधकामावर दिसेल, असे म्हणणारेही आहेत. तुकड्या-तुकड्यांच्या रानात यंत्र वळत नाही, तोवर दोन्ही बाजूंना वाट पाहावी लागेल.

त्याआधी येईल तो दराचा करार. ३४ टक्क्यांची वाढ तीन वर्षांसाठी होती. पुढच्या वाटाघाटींत टनाचा दर, मुकादमाचे कमिशन आणि विमा यांच्यावर बोलणे होईलच. खोपीजवळच्या पाळणाघराचा खर्च टनामागे किती पडतो आणि तो कारखान्याने द्यायचा की महामंडळाने, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घालण्याचे काम संघटनांनी हंगाम सुरू होण्याआधीच करायला हवे.